सपाट केक

३ डिसेंबर १९४५, सोमवार. कर्जत

पुन्हा मधेच फुगला! तिसरा केक हा. कडा खाली, मधे टेंगूळ, वरून तडा. मुद्दाम रुळांची सपाटी मोजायची पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा पार एका टोकाला पळाला. बत्तीस वर्षं घाटात रेल्वेचे रूळ सपाटीत बसवले — मुकादम म्हणून नाव काढलं — आणि एवढासा केक सपाट होईना!

रीत आमच्या हिचीच. मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर पितळी डबा, झाकणावर निखारे. पीठ, अंडी, दही, सोडा, सगळं तेच. मग चुकतंय कुठे?

वाल्मिक पंधरा दिवसांत येतोय. साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत काढून येतोय पोरगा. सिंगापूरच्या इस्पितळातून पत्र आलं होतं. शेवटी लिहिलं होतं — ‘आईला सांगा, मी आलो की केक पाहिजे.’

त्याची आई जाऊन पंधरा महिने झाले. हिवतापाने, चार दिवसांत.

मी उत्तर लिहिलं, ‘आम्ही खुशाल आहोत.’ आम्ही! हात कसा धजला कोण जाणे. पण इस्पितळात पडलेल्या पोराला कागदावर कसं सांगायचं होतं?

५ डिसेंबर

रेशनची साखर संपली. चौथा गुळाचा केला. काळा आणि मधे फुगलेलाच.

६ डिसेंबर

अंडी घ्यायला शेजारी सोनुबाईकडे गेलो. तिने विचारलं, “रोज अंडी कशाला, मुकादम?” सांगितलं सगळं. हसेल वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, “पोराला आदी सांगा. क्येक काय पळून चाललाय? त्याची आय हाय का नाय, ते त्याला कळाया नको?”

कळायला पाहिजे. मलाही समजतं. पण एक घास तरी त्याने आईच्या हातचा म्हणून खावा. मग सांगेन. एवढंच मागणं आहे माझं. भित्रा म्हणा हवं तर.

दुपारभर घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनावरचे दिवस आठवत बसलो. रुळाला लागून आमची दोन खोल्यांची चाळ. गाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची. वरच्या बंगल्यात इंजिनिअर साहेबाच्या मडमेकडे ही कामाला जायची, तिथेच केक शिकली. वाल्मिकच्या वाढदिवसाला हटकून करायची. मी लाइनवरून येईपर्यंत ताटात तयार! वर पिठीसाखर भुरभुरलेली, आणि सपाट म्हणजे किती सपाट! मी चेष्टेने पाणसळ ठेवायचो. बुडबुडा बरोबर मधे. ही ओरडायची, “काढा ते लोखंड माझ्या केकवरनं!” वाल्मिक हसून हसून लोळायचा. केवढं सुख होतं ते, आणि तेव्हा कळलंसुद्धा नाही.

कसा करायची हे कधी विचारलं नाही. आयता खात गेलो.

८ डिसेंबर, शनिवार

सापडलं!

आज धीर करून मधेच झाकण काढलं. पाहतो तर कडेचं पीठ घट्ट बसलेलं आणि मधलं अजून पातळ. म्हणजे पितळ आधी तापतं, कडा लवकर धरते, आणि उरलेलं पीठ बिचारं मधूनच वर येतं. जायला दुसरी वाटच नाही त्याला!

आमच्या गँगचा लोहार नवशा आठवला. लोखंडाचा जो भाग तापू द्यायचा नाही त्याला ओलं गोणपाट गुंडाळायचा. लगेच जुन्या धोतराची लांब पट्टी फाडली. चारपदरी केली, भिजवली, पिळली, डब्याला बाहेरून गच्च आवळली. डब्यात नवं पीठ ओतलं, निखारेही कमी ठेवले. वेळ दीडपट लागला. पट्टी सुकली की पाणी शिंपडत राहिलो.

सपाट! पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध!

‘काढा ते लोखंड’ म्हणणारं घरात कोणी नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. चुलीपुढे बसून रडलो.

१० डिसेंबर

सोनुबाईने तिच्या वाटची साखर आणून दिली. म्हणाली, “गोड करा त्याच्यासाठी. पण सांगा, मुकादम.”

१४ डिसेंबर

तार आली. उद्या दुपारच्या गाडीने येतो. केक पहाटे करायचा. धोतराची पट्टी धुऊन ठेवली. सांगायचे शब्द काही जमत नाहीत.

१५ डिसेंबर, शनिवार

वाल्मिक आला. हाडं तेवढी उरलीत. फलाटावर पहिलं विचारलं, “आई नाय आली?” मी म्हटलं, “आधी घरी चल.”

आल्या आल्या ताट पुढे ठेवलं. पिठीसाखर भुरभुरलेला, सपाट केक. त्याने ताट फिरवून पाहिलं. म्हणाला, “वरचा कुठाय?”

“वरचा काय?”

“फुगलेला. दर वेळी फुगायचा ना. तुमी लाइनवरनं यायच्या आत आई सुरीने वरचा कापून मला द्यायची. वरनं साखर टाकायची. म्हणायची, तुझ्या बाबांना सगळं सपाट लागतं, त्यांना सांगू नको.”

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्या हातांवरच्या भाजल्याच्या डागांकडे. हातातला तुकडा परत ताटात ठेवला.

“बाबा, आई कधी गेली?”