शिंग हातात असताना

आई,

तुझ्या मुर्ताजचा तिबिलिसीहून नमस्कार. गुडघा आता कुरकुरत नाही, जेवणही वेळेवर होतं. तुझा खोकला कसा आहे?

रविवारी आम्हा निवृत्त खेळाडूंची मेजवानी होती. मेजवानीच्या प्रमुखाने अंतिम सामन्यातल्या माझ्या गोलच्या नावाने वाईनने भरलेलं शिंग उचललं. मग रीतीप्रमाणे मला शिंग हातात घेऊन उत्तर द्यावं लागलं. शिंग हातात असताना खोटं बोलू नये, हे बाबांनीच शिकवलेलं.

आई, तो गोल डोक्याने झालाच नव्हता. चेंडू माझ्या हाताला लागून आत गेला होता. त्याच गोलपायी समोरच्या संघाने आपला गोलकीपर ओतिया याला काढून टाकलं. तो माझ्या शेजारीच बसला होता.

मी म्हणालो, "डोक्याला चेंडू बरोबर लागला, देवाची कृपा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओतिया कानाशी येऊन हळूच म्हणाला, "पी आता, शिंग उजव्या हातात धरलंयस. तोच हात ना रे?"

बैठकीतला माझा गोलचा फोटो उतरवून ठेव. शेजारच्यांनी विचारलं तर सांग, भिंतीला ओल आलीय.

नको, तसं सांगू नकोस. खरं काय ते सांग. माझ्याने झालं नाही.

तुझा,
मुर्ताज