बुटक्याला आता पाणी नको

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. कार्ल्सरूहेला घरी परतायच्या गाडीने निघते आहे. उद्यापासून ऑफिस.

कुंडीतला गिंको, आईचं ते बुटकं झाड, मेलेला नाही. काल सकाळी त्याची सगळी पानं खाली पडलेली पाहून तुम्ही म्हणालात, "हाही गेला." तसं नाही. थंडीचा पहिला कडाका पडला की तो एका रात्रीत पानं टाकून मोकळा होतो. दर वर्षी टाकायचा, पण आपण उठायच्या आत आईने अंगण झाडलेलं असायचं. "बुटक्याने पसारा केला," एवढंच म्हणायची.

मार्चपर्यंत त्याला पाणी घालू नका. मातीचा चिखल झाला आहे, तो गोठला तर मुळं जातील. कुंडी भिंतीलगत सरकवून मी तिला गोणपाट गुंडाळलं आहे.

आई त्याला तांदूळ धुतलेलं पाणी घालायची, म्हणून तुम्ही रोज तांदूळ धुता, हे मला फ्रिज उघडल्यावर कळलं. भाताचे डबे एकावर एक रचलेले, आणि एकातलाही घास खाल्लेला नाही. आंबलेला भात टाकून दिला. मी रागावलेली नाही. मीही तिकडे उभ्या उभ्या ब्रेड खाते आणि त्याला जेवण म्हणते.

शनिवारी दुपारी येते. वरण मी करेन, तुम्ही भात लावून ठेवा. धुवण सिंकमध्ये ओता. भात दोघं बसून खाऊ.

निशिगंधा