मळीचा गिलावा

३ नोव्हेंबर १९९६, रविवार. सकाळ.
डायरी खत कंपनीची, फुकट मिळालेली. दहा महिने कोरी पडली होती. आजपासून रोज लिहायचं, कारण आजपासून काम मोठं आहे.
फरहीनला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचंय. पंधरा डिसेंबरला जावई सद्दाम स्वतः बारामतीहून आणून सोडणार. जानेवारीत बाळ. तिला मागची खोली द्यायची, दुसरी आहेच कुठं? तिथं भिंतीची माती रोज मूठभर पडते आणि खाली शेणाची जमीन. बायको लैला म्हणते, पोरीच्या सासरी ठिपक्यांची फरशी हाय, अन् हितं लेकरू धुळीत लोळंल व्हय? मुद्दा बरोबर.
मानसिंग गवंडी बघून गेला. सिमेंटचा गिलावा आणि शहाबादी फरशी म्हणतो. आकडा ऐकून मी चष्मा काढून पुसला. लैलानं दोन शेळ्या विकून पैसे डब्यात ठेवलेत, नेमके तेवढेच मागतोय. त्याला कुणीतरी सांगितलं असणार.
ठराव: काम स्वतः करायचं. तीस वर्षं इंदापुरात घड्याळं दुरुस्त करतोय. केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्याला भिंत काय जड?

६ नोव्हेंबर, बुधवार.
अल्लाची मेहरबानी. लासुर्ण्याचे गेणबातात्या घड्याळ घेऊन दुकानात आले. त्यांचं उसाचं गुऱ्हाळ आहे. बोलता बोलता म्हणाले, पयल्या काळी चुन्यात गूळ घालायचे, हिरडा घालायचे, महिना महिना मळायचे, म्हणून त्या भिंती अजून हायीत. त्यातलं महत्त्वाचं तेवढं लिहून घेतलं. चुना आणि गूळ.
गूळ महाग. पण रस उकळताना वर काळा फेस येतो, ती मळी तात्या उकिरड्यावर टाकतात. तीही गुळाचीच जात. मागितली. तात्या म्हणाले, न्या की, पर तिचं करनार काय बादशाभाई? सांगितलं नाही. आयडिया चोरीला जातात.

१० नोव्हेंबर, रविवार.
मळीचे चार डबे एस.टी.नं आणले. एक निमगाव केतकीपाशी सांडला. कंडक्टर फार बोलला. एका बाईच्या पिशवीतल्या करंज्या गेल्या. ऐन दिवाळीत. माफी मागितली, तरी ती इंदापूरपर्यंत बोलत होती. काम मोठं असलं की लोक बोलतातच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.
चुन्यात मळी कालवून चारही भिंती लिंपून झाल्या. विटांचा चुरा घालून जमिनीलाही तेच ठोकलं. कंबर गेली. बोटांची सालं निघाली. दुकान तीन दिवस बंद. सात गिऱ्हाइकं परत गेली असं शेजारी सांगतो, पण शेजाऱ्याला वाढवून सांगायची सवय आहे.
भिंतीचा रंग कडक चहासारखा आलाय. मला श्रीमंती वाटतो. लैलानं दारातून बघितलं, पदर नाकाला लावला आणि गेली. तिला सरप्राइझ सोसत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.
वाळत नाहीये. थंडीमुळे असणार. भिंतीला टेकलो तर सदरा चिकटला, ओढून काढला तेव्हा पाठीचं कापड भिंतीवर राहिलं. पकड किती पक्की आहे याचा हा पुरावा.

२४ नोव्हेंबर, रविवार.
मुंग्या.
दोन-चार आहेत असं लैलाला सांगितलं. डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून बघितलं. उंबऱ्याखालून येतात, ओळीनं, एकमेकींना वाट देत. शिस्त बघण्यासारखी आहे. औषध मारता येत नाही, लेकरू येणार. हळद टाकली. हळदीला वळसा घालून गेल्या.
नंतर विचार केला, येऊ देत. साखर संपली की जातील. भिंत फुकटात साफ होईल. लैला म्हणाली, गवंड्याला बोलवा, अजून येळ हाय. मी म्हणालो, पैसे डब्यात सुरक्षित आहेत ना? ती म्हणाली, पैशाचं काय घिऊन बसलाय? बायकांना बजेट कळत नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.
मुंगळे पण. मोठे, काळे.
उपाय सापडला. बाजारपेठेतलं स्टेशनरीचं एक दुकान बंद होतंय. भेटवस्तू बांधायच्या रंगीत कागदाचा अख्खा गठ्ठा वजनावर मिळाला. फुगे छापलेत आणि जागोजागी हॅपी बर्थडे. बाळाच्या खोलीला यापेक्षा योग्य काय? शहरात वॉलपेपर म्हणून याचेच हजारो घेतात. मैद्याची खळ करून दोन भिंती झाकल्या. खळ घट्ट व्हावी म्हणून उरलेली मळी त्यात वापरली. काहीच वाया घालवायचं नाही.

३ डिसेंबर, मंगळवार.
कागद हलतोय. वारा असेल असं समजून खिडकी लावली. तरी हलतोय. कान लावला तर आतून कुरकुर ऐकू येते. एक फुगा तर जागेवरून सरकला.
जेवण गेलं नाही. दमलोय. पण अर्ध्यावर सोडणाऱ्यातला मी नाही.

८ डिसेंबर, रविवार.
जमिनीवर संगमरवराचं चित्र असलेलं प्लॅस्टिक अंथरलं. फार देखणं. लैलाला मुद्दाम बोलावलं. चार पावलं आली, पाचव्याला चप्पल तिथंच राहिली आणि ती पुढं गेली. प्लॅस्टिकच्या जोडातून मळी वर येतेय. गुडघा आपटला तिचा. आधीच तिचे गुडघे सारवून सारवून गेलेले. तेल चोळायला गेलो तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या, तुमच्या हाताला बी त्येच लागलंय.
खरंच लागलं होतं. चार वेळा धुतले हात.

१२ डिसेंबर, गुरुवार.
सद्दाम न सांगता आला. खोली बघायला नव्हता आला, असं तोच म्हणाला. खोलीत नेलं. बाजेवर बसला आणि लगेच उठला. पोरगा सभ्य, पँट झटकताना सुद्धा माझ्याकडं पाठ केली. म्हणाला, छान केलीय मामू, कष्ट दिसत्यात. चहा घेतला. जाताना दारात लैलाशी हळू काहीतरी बोलला. तिनं मान हलवली.
मला वाटतं त्याला फुगे आवडले.

१५ डिसेंबर, रविवार.
सकाळपासून स्टँडवर. बारामतीच्या सात गाड्या आल्या. आठव्या गाडीच्या वेळेला फोनच्या बूथवरचा माणूस बोलवायला आला.
फरहीन होती. म्हणाली, अब्बा, सासूबाई म्हणत्यात हितंच ऱ्हा, दवाखाना जवळ हाय. मी म्हणालो, बरोबर आहे, दवाखाना जवळ पाहिजेच. मग म्हणाली, मला तिकडंच यायचं होतं हो. आणि रडायला लागली. तिकडं मीटर पळत असणार. मी काय बोललो आठवत नाही. खोली तयार आहे असं काहीतरी.
घरी येऊन लैलाला दवाखान्याचं कारण सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. तिनं महिनाभर शिवलेली दुपटी बाजेवर ठेवली होती, ती उचलून पेटीत टाकली.

१८ डिसेंबर, बुधवार.
लैलानं मला न विचारता मानसिंगला बोलावलं. त्यानं भिंतीवर थापी मारली आणि नुसता हसला. आधी सगळं खरवडावं लागंल, म्हणाला, जमीन ईतभर खणावी लागंल, त्याचं निराळं. म्हणजे पहिल्या आकड्यापेक्षा जास्त. त्याला गूळ आणि चुन्याचं सांगितलं, तर म्हणाला, गूळ व्हय, मळी न्हवं.
एवढं कुणी आधी का नाही सांगितलं? तात्यांनी विचारलं होतं, तिचं करनार काय. तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

५ जानेवारी १९९७, रविवार.
डायरी गेल्या आठवड्यात संपली. हे शेवटच्या 'महत्त्वाचे फोन' या पानावर लिहितोय. त्या पानावर एकच नंबर आहे, फरहीनच्या शेजाऱ्यांचा.
काल तिथूनच फोन आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.
इकडं मानसिंगचं काम परवाच संपलं. भिंती पांढऱ्या, शहाबादी फरशी गार आणि सपाट. फिनिशिंगला नाव ठेवायला जागा नाही. मी शोधून बघितली.

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
रोजे सुरू झालेत. बारामतीला जाऊन आलो. नात लैलावर गेलीय, हनुवटी तीच. फरहीन माझ्याकडं बघून हसली, मला ते बघवेना.
तिची सासू ठिपक्यांच्या फरशीवर पाय पसरून बसली होती, पायावर बाळ, तेल लावत होती. आमच्यात पहिल्या बाळाला आईची आई तेल लावते. लैला भिंतीला टेकून बसली. तिचे हात मांडीवर नुसते होते. सासू वाईट नाही, मध्येच म्हणाली, तुमी लावता का? लैला म्हणाली, न्हाय, तुमचा हात बसलाय.
परतीच्या गाडीत लासुर्णं गेलं, निमगाव गेलं. लैला खिडकीबाहेर बघत होती. मी तीन वेळा वाक्य तयार केलं. सगळी दवाखान्यापासून सुरू होत होती.
रोजा मागच्या खोलीत सोडला, खाली बसून. फरशी गार लागली. पाण्याचा घोट घेऊन लैला म्हणाली, खोली चांगली झाली. मी खजुराची बी फरशीवर ठेवली.
खजुराच्या बीजवळ एक मुंगळा आला होता. एकटाच होता. सगळीकडं फिरला आणि परत गेला.