बकाराम हे नाव माझ्यामागे बाळाला ठेवू नये याबद्दल

मी, बकाराम उदाराम पटले, वय तेवीस, शिक्षण सातवी, राहणार दवनीवाडा, जिल्हा गोंदिया. सध्या हैदराबादेत दोरावर लटकून उंच बिल्डिंगांना रंग देतो. डोकं ठिकाणावर आहे, दारू प्यायलेलो नाही, कोणी धमकावलेलं नाही. परवा दोर सटकला, थोडक्यात वाचलो. फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "भिऊ नोको. तुले काही झालं त रोशनच्या पोराले तुयंच नाव ठेवू."

म्हणून हे लिहून ठेवतो.

एक. मोठा भाऊ रोशन याची बायको दामिनीवहिनी हिला नववा महिना आहे. मी मेलो तरी त्या बाळाला बकाराम करू नये. मी जन्मलो त्याच आठवड्यात आजोबा बकाराम वारले आणि त्यांचं नाव माझ्या गळ्यात आलं. हजेरीत माझं नाव आलं की वर्ग बें बें करायचा. शाळा त्यापायी सुटली. (गणितापायीही, पण ते इथे नको.)

दोन. वहिनीनं मोबाइलवरून रियांश काढलंय. खुशाल ठेवावं. गल्लीत तीन रियांश आहेत, एका हाकेत चौघं जेवायला येतील.

तीन. माझी मोटारसायकल शेजारच्या हिमांशूला. बें बें त्यानंच सुरू केलं होतं. अट एकच, पहिल्या पोराचं नाव बकाराम ठेवायचं. आणि हसू नको लेका. चाळीस वर्षांनी पारावर तंबाखू मळणारे सगळे म्हातारे हिमांशू नि रोशनच असतील. नातू विचारतील, "काऊन जी आबा, असं जुनाट नाव कोणं ठेवलं?" इथल्या इंजिनिअरनं तर पोरीचं नाव सुलोचना ठेवलं. म्हणे, एकदम नवीन आहे.

चार. बँकेतली सगळी शिल्लक माझी आई शामकला हिला. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तिनं मला कधी बकाराम म्हटलं नाही, टिंकूच म्हणते. दवाखान्यात नाव विचारलं की बाजूच्या बाईला सांगायला लावायची. आता नातवालाही तिनं हाक मारायची नाही का? बाबांच्या डोक्यात हे काऊन येत नाही?

आईनं एकदा तरी मला माझ्या नावानं हाक मारावी. मेल्यावर मारली तर ऐकू येणार नाही, म्हणून बारशाला येतो तेव्हाच मारावी. मारली की हे मृत्युपत्र मी स्वतः फाडीन. हिमांशूनं गाडीची आशा ठेवू नये.

साक्षीदार:
१. गजेंद्र, दरेकसा (हसून झाल्यावर सही केली)
२. मनिराम, मुर्री

सही: बकाराम
हैदराबाद, १२ ऑक्टोबर २०२५