भावसिंगदादांच्या गाडीची टकटक

२ मे २००१

भावसिंगदादांची अँबॅसिडर आली. सदुसष्ट सालची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. इंजिनात टकटक वाजतं म्हणे. टकटक म्हणजे व्हॉल्व्हचे टॅपेट ढिले. फट मोजायची फिलर पत्ती घालून सगळे बराबर केले. चालू करून ऐकलं — एकदम गुळगुळीत इंजिन! घेऊन जा म्हटलं.

४ मे

गाडी परत! टकटक आहेच म्हणे, आणि सकाळी तर फारच. मी बॉनेटखाली वाकून पुन्हा ऐकलं. काही नाही.

तेरा तारखेला त्यांच्या प्रतिक्षाचं लग्न आहे, औंढ्याला दिलीय. त्या घरातली प्रत्येक लेक याच गाडीत बसून सासरी गेली, तेव्हा हीही जाणार. रस्त्यात बंद पडली तर पाहुण्यांपुढं मान खाली जाईल, हीच त्यांना धास्ती. अहो, तेहतीस वर्षं या वसमतमध्ये पाना धरतोय मी! माझ्या हातून गेलेली गाडी रस्त्यात बंद पडत नसते. टॅपेट पुन्हा लावले.

५ मे

आमच्या हिची, द्वारकाची, ही एक खोड. घर आणि गॅरेज यांच्यात नुसतं अंगण. चहा झाला तर दारातून हाक मारावी ना! नाही. बाईसाहेब उन्हात चालत येणार, समोर उभ्या राहणार, मग बोलणार. गुडघे दुखतात म्हणून रोज तेल चोळून घेते आणि दिवसभर हेलपाटे घालते. आज रागावलोच. ती नुसती हसली.

७ मे

तिसऱ्यांदा टॅपेट! भावसिंगदादा शेजारीच उभे.

"आता ऐका की मिस्त्री, कसं वाजून राहिलं."

मी मान डोलावली. काय वाजत होतं कोण जाणे. गाडी माझ्याकडंच ठेवून जाताना म्हणाले, दहा तारखेपर्यंत बघतो, नाहीतर नांदेडला नेतो. तिथले लोक इंजिन उतरवायचं म्हणतात. उतरवा! चांगल्या इंजिनाचं वाटोळं करा!

८ मे

इथं कोण वाचणार आहे? लिहून टाकतो. ती टकटक मला ऐकूच येत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचीही येत नाही. जाडे आवाज येतात, बारीक गेले. पण बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणेल? कुणाला कळू देणार नाही. कान गेले, हात आणि डोकं कुठं गेलंय? ती गाडी नांदेडला जात नाही. बघतोच!

९ मे

पहाटे अंथरुणातच विचार केला. इंजिन थंड असताना टकटक जास्त, तापल्यावर कमी. तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते. म्हणजे दोष फटीचा, आणि टॅपेटच्या फटी तर तीनदा मोजून झाल्या! इंजिनातून सायलेन्सरकडं धूर नेणारा मॅनिफोल्ड जिथं जोडलाय, तिथूनच धूर फुटत असणार.

कानाला कळत नाही तर डोळ्याला दिसेल. द्वारकाच्या डब्यातली मूठभर हळद आणली. पंख्याचा पट्टा उतरवला, नाहीतर सगळीच उडाली असती. सांध्यावर हळद भुरभुरली आणि थंड इंजिन चालू केलं. तिसऱ्या सिलेंडरपाशी भुर्रकन उडाली! बाकी सांधा पिवळाच्या पिवळा. तळहात धरला तर ठोक्याठोक्याला फुंकर लागत होती.

सांध्यातलं पॅकिंग जळलेलं. आणि मी आठवडाभर भलत्याच जागी पाना घालत होतो! लाज वाटली. पण आनंद जास्त झाला.

१० मे

नवं पॅकिंग घातलं. सकाळी भावसिंगदादांच्या समोर थंड गाडी चालू केली. मी इंजिनाकडं बघत नव्हतो, त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. हळूहळू हसू आलं.

"गेलं की हो! पर ह्या इंजिनाला हळद काहून लागली?"

नवरीच्या आधी गाडीचा मान, म्हटलं. दोष कसा सापडला विचारलं, तर बेधडक सांगितलं — ऐकून!

१४ मे

द्वारका पुन्हा अंगण ओलांडून आली. समोर उभी राहून सांगितलं, प्रतिक्षा काल औंढ्याला सुखरूप पोचली, गाडी कुठं अडली नाही. मी म्हटलं, एवढं तर दारातूनही सांगता आलं असतं.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली, "दारातली हाक तुमाला पोचत न्हाई."

चार वर्षं! कुणालाच बोलली नाही. मलासुद्धा.