गाठोड्यातली चोच

आई,

ओट्यावरचा नवा स्टीलचा डबा शोधू नका, तो मी कामोठ्याला नेतेय. त्यातली साखर पातेल्यात काढून ठेवलीय. आमटी फक्त गरम करा आणि रिया एकला शाळेतून आली की तिला आधी जेवायला बसवा.

तो डबा मी परवा बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतला. त्या कपड्यांच्या गाठोड्यात तुमचं पोपटांचं लोकरीचं तोरण गेलं. काल तुम्ही उद्याच्या पाडव्यासाठी तीनदा कपाट उपसलंत, तेव्हा मीही तुमच्यासोबत शोधायचं नाटक केलं. वर तुम्ही मलाच म्हणालात, "राहू दे गं, दमशील."

बोहारीण कामोठ्याच्या जुन्या गावात राहते, असं खालच्या नूरुन्निसाभाभींनी सांगितलं. डबा परत देईन, हवी तर माझी एखादी साडीही देईन. तुमचे हात आता थरथरतात, दुसरं तोरण होणार नाही, हे मला कळतं. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पाडव्याला तुम्ही ते विणलं होतंत, तेही लक्षात आहे.

चुकून गेलं, असंच सांगणार होते. पण तसं नाही. घराला नवा रंग दिल्यापासून ते तोरण मला दारावर जुनाट वाटायचं. गाठोडं बांधताना एका पोपटाची लाल चोच बाहेर आली होती. ती मी बोटाने आत ढकलली.

मोनाली