सगळ्यात वरची सही

सिद्धेश,

सायबर सिक्युरिटीच्या परीक्षेला अंधेरीला चाललेय. डाळ कुकरमध्ये आहे, भात तेवढा लाव.

सकाळी सर्टिफिकेट ऑथॉरिटीचा धडा एकदाचा डोक्यात शिरला. चहा उतू गेला तरी कळलं नाही. वेबसाइट खरी असल्याची ग्वाही एक संस्था सही करून देते, त्या संस्थेची तिच्या वरची देते. सगळ्यात वरची मात्र स्वतःच स्वतःवर सही करते, आणि अख्खं जग तिच्या शब्दावर चालतं. अंगावर काटा आला रे.

मार्चमध्ये परीक्षा पुढे ढकलली असं मी तुला म्हणाले होते ना, ते खोटं होतं. मी नापास झाले होते. तू एकदाही उलटून विचारलं नाहीस.

आज निकाल लगेच कळतो. काहीही लागला तरी पहिला फोन तुलाच करीन.

श्रुतिका